गोजरबाई पुन्हा बाहेर बसली

पहिल्या माळेला, घट बसवायच्या ऐन गडबडीत, गोजरबाई देवघरातून उठली आणि गोठ्याच्या कडेला पोतं टाकून बसली. सून दीपा परडीत माती भरत होती. तिनं विचारलं, "आत्याबाई, काय झालं वं?"

"कावळा शिवला."

दीपानं छपराकडं पाहिलं. साठीला टेकलेल्या बाईला खऱ्याखुऱ्या कावळ्याशिवाय दुसरा कोण शिवणार, असं तिला वाटलं. पण छपरावर कावळा नव्हता, आणि गोजरबाईच्या लुगड्याला मागून डाग होता.

गोजरबाईची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती मोकळेपणानं देवदेव करत होती, लोणच्याच्या बरणीत हात घालत होती, आणि बाहेर बसलेल्या सुनेला लांबून भाकरी सरकवताना आपण यातून सुटलो म्हणून मोठ्यानं देवाचे आभार मानत होती. आता सून तिला भाकरी सरकवू लागली. दीपा आभार मानत नव्हती. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

आमची करंजखळी म्हणजे सोनईहून राहुरीकडे निघालं की पाटाच्या पलीकडं जे गाव कुणाच्या लक्षात येत नाही, ते. शिंगणापूर आम्हाला जवळ. तिथल्या घरांना दारं नाहीत, म्हणून ती बघायला लांबलांबून गाड्या येतात. आमच्या घरांना दारं होती, म्हणून कोणी येत नसे. देवी होती, खळाई नावाची, शेंदूर फासलेली. पण तिच्या नावावर एकही चमत्कार नव्हता. देवस्थान कमिटीचे चेअरमन सूर्यभानअण्णा यांना ही गोष्ट फार लागून राहिली होती. ते दूध डेअरीचेही चेअरमन होते, त्यामुळे गाईचं आणि देवीचं, दोन्हीकडचं त्यांना कळतं असा गावाचा समज होता.

गोजरबाईचा मुलगा आसाराम त्यांच्याकडे विचारायला गेला, की घरची मोठी बाई बाहेर बसलीय, तर घटाला पुढच्या माळा कुणी घालायच्या. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"थांबलं का?"

"न्हाई अण्णा. पाचवी माळ झाली, सुरूच हाय."

अण्णांनी बोटांवर माळा मोजल्या. अष्टमीला त्यांनी देवळाच्या ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, "मानसाची बाई म्हातारी व्हती. देवी कदी म्हातारी झालेली बगितली का कुनी? आईनं गोजरबाईला झाड केलं, आन् झाडाला पालवी फुटली!"

देव ज्याच्या अंगात येतो, त्या माणसाला आमच्याकडे देवाचं झाड म्हणतात. आता खरं तर गोजरबाईच्या अंगात यायचंच तेवढं राहिलं होतं. दसऱ्याला तेही आलं. ती घुमली, केस सुटले, आणि धान्याच्या पेवात तोंड घालून बोलावं तशा घोगऱ्या आवाजात तिनं विचारलं, "वळकलं का रं मला?" गावानं एका सुरात सांगितलं, वळकलं.

तेव्हापासून गोजरबाई दिवसभर देवळात बसू लागली. विधवा बाई, कपाळ कधीचं मोकळं होतं. त्यावर मळवट आला. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आल्या. पूर्वी ही बाई पाटाच्या पाण्यावरून अशी भांडायची की पाटकरी तिच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी आजारी पडायचा. आता ती गोड बोलायला लागली. घरी आली की म्हणायची, "दीपा, बाळा, जेवलीस का?" दीपाला या घरात येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण सासूची भीती तिला पहिल्यांदा आता वाटू लागली.

रक्ताला नेम नव्हता. चार दिवस थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. अण्णा म्हणाले, देवीला काय कॅलेंडर लागतं? गोजरबाईचा चेहरा पांढुरका पडत गेला. लोकांना तिथं तेज दिसलं. अंग वाळलं; देवीनं झाड हलकं केलं. कंबर भरून यायची. देवीचा भार काय थोडा असतो? अन्न जाईना, देव वाऱ्यावर जगतात हे कुणाला माहीत नाही? माणूस आजारी पडल्यावर जे जे होतं ते सगळं एका बाईला होत होतं, आणि गाव रोज नव्यानं हात जोडत होतं.

मूल नसलेल्या बाया लांबून येऊ लागल्या. गोजरबाई त्यांना कुंकू द्यायची. त्यातल्या काहींना दिवस गेले. बाकीच्या पुन्हा आल्याच नाहीत, त्यामुळे गुण येण्याचं प्रमाण कायम शंभर टक्के राहिलं.

एका गोष्टीबद्दल मात्र कुणी बोलत नसे. वास. आधी देवळात चिमूटभर ऊद जाळायचे, मग मूठभर, पुढं पुढं घमेलंभर निखाऱ्यावर दिवसभर ऊद धुमसत ठेवावा लागे. गाभाऱ्यात समोरचा माणूस दिसेनासा झाला, तरी त्या धुराच्या आत काहीतरी गोडसर, कुजकट असं उरायचंच. ओटीच्या नारळावर माशा बसायच्या. गावातली कुत्री देवळापुढच्या पारावर झोपायची, ती सगळी हळूहळू वेशीकडे झोपायला गेली.

कपडे दीपा धुवायची. पाटाच्या खालच्या अंगाला एक दगड होता, तिथं. ती एकटीच जायची, कारण देवीची वस्त्रं धुण्याचा मान घरच्या सुनेचा असं ठरलं होतं, आणि या मानात वाटा मागायला कुणी पुढं आलं नव्हतं. काही दिवसांनी शेळ्यांनी त्या जागी पाणी प्यायचं सोडलं. त्या यायच्या, मान खाली घालायच्या, थांबायच्या, आणि दगडाकडे बघत मागं मागं सरायच्या.

एकदा धीर करून दीपा सासूला म्हणाली, "आत्याबाई, वास येतोय वं."

"मला तर काय येत न्हाई, बाळा," गोजरबाई हसून म्हणाली. पूर्वीची गोजरबाई असती तर तिनं दीपाच्या माहेराचा उद्धार केला असता. दीपा त्या हसण्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, हे तोंड सासूचं आहे, पण हसतंय कोणी दुसरंच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे नवीन सिस्टर आली. गीता साळवे तिचं नाव. सोनईहून सायकलवर यायची. आरोग्य खात्यानं तिला सांगितलं होतं की पुढच्या आठवड्यात नगरहून डॉक्टरीणबाई येणार आहेत, बायकांची तपासणी करणार आहेत, तर बायका जमवा. सिस्टर नवीन होती आणि बौद्ध होती. आमच्या देवळात काय चाललंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बायका देवळात जमल्या आहेत एवढं ऐकून ती सरळ मंडपात आली आणि बोलायला उभी राहिली.

"पोटात पिशवी असती, बरं का बायांनो. तिला तोंड असतं. त्या तोंडाला कॅन्सर व्हतो. लई गुपचूप व्हतो. आत येऊन बसतो आन् गप बसून राहतो. दुखत न्हाई, खुपत न्हाई. वरसानुवरसं बसतो. त्यो लहान आसतानाच तपासनीत घावला, तर सहज निगतो. म्हनून धडधाकट बाईनं सुदा तपासायचं."

"आमाला काय धाड भरलीय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली.

"तेच सांगते. धाड भरल्यावर न्हाई, आधी यायचं. आन् कुनाला मधेच लाल दिसत आसंल, घान वासाचं पानी जात आसंल, तर तिनं सगळ्यात आधी. पाळी जाऊन वरसं झालेल्या बाईला परत लाल दिसलं तर ती काय पाळी नसती. त्ये लई वाईट."

हसणं थांबलं. मंडपातली प्रत्येक बाई आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली, कारण मान वर केली असती तर सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली असती.

गाभाऱ्याच्या धुरातून बांगड्या वाजल्या. गोजरबाई घुमू लागली होती.

"कोन गं तू?" पेवातला आवाज आला.

"मी नवीन सिस्टर, आजी."

'आजी' म्हटल्याबरोबर अण्णांच्या बायकोनं, कडूबाईनं, कपाळावर हात मारून घेतला. आवाज मात्र चिडला नाही. त्यानं विचारलं, "आत काय बसलंय त्ये तुला दिसतं?"

सिस्टर बिचारी सरळ बोलली. "मला न्हाई दिसत. डॉक्टरीणबाईंना दिसतं. त्या ब्याटरी लावून बगत्यात."

धूर हलला. बांगड्या एकदाच वाजल्या आणि आवाज म्हणाला, "मंग जा. समद्या जा."

अण्णा कोपऱ्यात पान लावत बसले होते. ते तसेच, चुन्याचं बोट वर धरून, राहिले. पण देवीचा हुकूम झाला होता, आणि तो हुकूम मोडायचा नाही हे गावाला गेले चार महिने त्यांनीच शिकवलं होतं.

त्यामुळे शिबिराच्या दिवशी डॉक्टरीणबाई शाळेत आल्या तेव्हा चकित झाल्या. बाकीच्या गावांत त्यांना चार-सहा बायका मिळायच्या, त्याही सिस्टरच्या ओळखीतल्या. इथं रांग कुंपणाबाहेर गेली होती. चौथीच्या वर्गाच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती, मधोमध चादर टांगली होती. सगळ्यांत आधी चेअरमनीणबाई म्हणून कडूबाई आत गेली आणि बाहेर आली तशी तिला बायकांनी घेरलं.

"दुखतंय का वं, काकू?"

"दुखत न्हाई. लोखंडाचा चमचा हाय, गार लागतो."

"आन् काय करत्यात?"

"काडीनं पुसून काचेवर घेत्यात. काच नगरला जाती."

"आन् ब्याटरी?"

"लावली की! चाळीस वरसांत आमच्या मालकानं जिथं बगितलं न्हाई, तिथं डॉक्टरनीनं ब्याटरी लावून बगितलं."

रांग हसली. त्या हसण्यानं पुढच्या पाच-दहा जणी आपोआप आत गेल्या. बौद्धवाड्यातल्या बाया आल्या, मळ्यावरच्या आल्या, ऊसतोडीला निघालेल्या दोघी कोयता कुंपणाला अडकवून आल्या. गावातली बाई म्हणावी अशी कुणी राहिली नाही. राहिली फक्त जिनं सगळ्यांना धाडलं ती.

दीपाची पाळी आली. तपासून झालं, तरी ती टेबलावरून उठेना.

"झालं. तुझं चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझं न्हाई. आमच्या सासूबाईंचं इचारायचंय." आणि तिनं सांगितलं. रक्त, पाणी, वास, पाटावरचा दगड, शेळ्या.

डॉक्टरीणबाईंच्या हातातली काच हातातच राहिली. "कुठं आहेत त्या?"

"देवळात. त्या न्हाई यायच्या. त्या देवी हायेत."

"देवी आहेत म्हणजे?"

दीपाला हे बाहेरच्या माणसाला कधी समजवावं लागलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हंजी... रगत जातंय म्हनून."

हातातली काच डब्यात गेली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी दिवस मावळेपर्यंत इथं आहे. त्या आज पायानं चालत येतील तर काहीतरी करता येईल. पुढच्या वर्षी तुम्ही त्यांना उचलून आणलंत, तर माझ्या हातात काही नसेल. आणखी एक वर्ष त्या काढतील असं मला वाटत नाही."

दीपा घरी धावली. आसाराम वैरण तोडत होता.

"आवं, आत्याबाईंना शाळेत न्यायचंय. आत्ताच्या आत्ता."

"येडी का खुळी? देवीला तपासायचं? टेबलावर झोपवून? गाव काय म्हनंल?"

"गावाला म्हनू द्या काय म्हनायचं त्ये. धुनं मी धुते."

आसाराम वैरणीची पेंढी तशीच हातात धरून म्हणाला, "पर देवीला न इचारता कसं..."

"मंग इचारते," दीपा म्हणाली आणि नारळ घेऊन निघाली.

देवळात ऊन उतरतं झालं होतं. तपासून आलेल्या बाया मंडपात विसावल्या होत्या. अण्णा होतेच. धुरात गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरून पार बोटांपाशी आल्या होत्या.

दीपानं नारळ ठेवला. "आई, कौल मागायचाय."

"कशाचा कौल?" अण्णा म्हणाले.

"झाडाचा. आईचं काय अडत न्हाई, पर झाडाला आतून कायतरी लागलंय. तपासाया नेऊ का?"

"अगं पोरी, देवी ज्या झाडात बसलीय त्याला काय व्हनार? तुला कळतं का काय बोलतीस?"

"तुमी गप बसा," कडूबाई नवऱ्याला म्हणाली. "कौल तिनं मागितलाय. तुमाला न्हाई मागितला."

सगळे घुमण्याची वाट बघू लागले. कौल मागितला की गोजरबाई आधी डोलायची, मग केस सुटायचे, मग आवाज यायचा. आज ती डोलली नाही. ती इतकी स्थिर झाली की शेजारचा धूरसुद्धा दोरीसारखा सरळ वर गेला. माशा नारळावरून उठल्या आणि कुठं बसल्याच नाहीत.

मग आवाज आला. तो पेवातला नव्हता. बारीक होता, लांबचा, बायकांच्या डोक्यांवरून, मंडपाच्या बाहेरून आल्यासारखा.

"कुनाला हाका मारताय?"

"तुला, आई," दीपा म्हणाली.

"मी हितं न्हाई."

अण्णांचे हात जोडलेलेच होते. ते चाचरत म्हणाले, "आसं काय म्हनतीस, आई? नवरात्रापासनं बसलीस..."

"मी आलेच न्हाई."

पुढं बसलेल्या बायका आजही शपथेवर सांगतात, की हे शब्द आले तेव्हा गोजरबाईचे ओठ हलत नव्हते. मागं बसलेल्या सांगतात, हलत होते. पुढच्यांना धुरामुळे दिसलं नसेल आणि मागच्यांना लांबून दिसलं नसेल, हे दोन्ही गटांना मान्य आहे.

दीपानं विचारलं, "मंग आत कोन हाय?"

गोजरबाईचा हात हळूहळू, स्वतःचा नसल्यासारखा, मांडीवरून वर सरकला आणि ओटीपोटावर जाऊन थांबला. तिनं त्या हाताकडे पाहिलं. मग दीपाकडे पाहिलं. आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या, पाटावर भांडणाऱ्या, फाटक्या आवाजात ती म्हणाली, "दीपे, मला लई भ्या वाटतंय गं."

ही बाई कधी कुणाला भ्यालेली करंजखळीनं पाहिली नव्हती. दीपानं तिला काखेत धरून उठवलं.

देवळातून शाळेपर्यंतचा रस्ता फार नाही. पण ऊद मागं राहिला होता, आणि उघड्या रस्त्यावर तो वास पहिल्यांदाच एकटा, काही न पांघरता, चालत होता. दारांत उभे असलेले लोक बाजूला झाले. ते हात जोडत होते की नाक झाकत होते, हे सांगणं अवघड; बऱ्याच जणांनी एका हातानं एक आणि दुसऱ्या हातानं दुसरं केलं.

चादरीमागं दीपानं सासूचा हात धरला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावली आणि वाकून आत पाहिलं.

"दिसली का?" गोजरबाईनं विचारलं.

"काय, आजी?"

"आत बसलीय ती."

डॉक्टरीणबाई शिकलेल्या होत्या. त्यांनी खरं म्हणजे आजीला चार गोष्टी समजावून सांगायला हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिसली."

"निगंल का?"

"हातानं नाही निघायची आता. जाळावी लागेल. पुण्याला मशीनवर शेक देतात, आतून बाहेरून. पण अजून तिनं सगळी जागा धरलेली नाही. जळेल."

"मी जळंन, का ती?"

"थोड्या तुम्हीही जळाल. ती जास्त."

गोजरबाईनं बांगड्यांचा हात तोंडावरून फिरवला. "मंग जाळा. लई ऐकून घेतलं तिचं."

डॉक्टरीणबाई त्यांना आपल्याच जीपमधून नगरला नेणार होत्या. तिथून सकाळी पुण्याला. उद्यापर्यंत थांबायला त्या तयार नव्हत्या. "आजी बदलायच्या नाहीत," त्या सिस्टरला हळूच म्हणाल्या, "गाव बदलेल."

गाव बदलायला उद्यापर्यंत कुठं थांबतंय? जीप शिवेवर पोचली तेव्हा चुना लावलेल्या शिवेच्या दगडापाशी अण्णा रस्त्यात उभे होते, आणि त्यांच्यामागं निम्मं गाव. सूर्य उसाच्या तुऱ्यांमागं गेला होता.

"देवी शीव वलांडत न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. दुपारपासून त्यांनाही कसली तरी भीती वाटत असावी, पण चेअरमन माणसाला भीतीचं काय करायचं ते माहीत नसतं. "आजवर गेलेली न्हाई."

ड्रायव्हर भीमानं इंजिन बंद केलं. गोजरबाई दीपाच्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरली.

"अण्णा, देवी आलीच न्हवती. तुमच्यासमोर बोलली. जी आली तिला वाटंत सोडून जाते, म्हंजी तुमची तकरार न्हाई."

ती दगडापाशी बसली. गळ्यातला हार काढून ठेवला. पदरानं कपाळावरचा मळवट पुसला. पदर लाल झाला तसा तो टराटरा फाडून तोही तिथंच ठेवला. ओटीतला खण, तांदूळ, लिंबू ठेवलं. मग बांगड्या. नवरा गेला तेव्हा त्या फोडल्या होत्या. आता फोडायची गरजच नव्हती, हात खाली केल्याबरोबर त्या आपोआप गळून पडल्या. एक एक करून दगडावर वाजल्या. बायकांपैकी कुणीतरी हुंदका दिला.

कडूबाई पुढं आली आणि नवऱ्याच्या दंडाला धरून तिनं त्याला रस्त्यातून बाजूला ओढलं. उतारा ठेवून झाला की मागं बघायचं नसतं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तरी गोजरबाई परत चढून बसल्यावर ती जीपमध्ये तोंड घालून म्हणाली, "जा गं बयांनो. मागं बगू नका."

गोजरबाईनं पाहिलं नाही. दीपानं पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण त्यांनीही पाहिलं नाही. राहिला भीमा. त्याला आरशात बघितल्याशिवाय गाडी चालवता येत नव्हती. त्यानं पाहिलं, आणि जीप अशी सोडली की घोडेगाव येईपर्यंत खड्डा कुठला आणि रस्ता कुठला हे कुणाला कळलं नाही. घोडेगावला चहाला थांबल्यावर त्यानं आरसा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवला.

पुढं खूप जणांनी त्याला विचारलं, काय पाहिलंस? तो सांगायचा, लोकं सगळी पाठ फिरवून गावाकडं निघाली होती. दगडापाशी एक बाई बसली होती. बांगड्या भरत होती.

गोजरबाईचा सगळा उन्हाळा पुण्यात गेला. इकडे नगरहून काचांचे निकाल आले. कडूबाईच्या काचेत थोडं काही सापडलं, अगदी सुरुवातीचं. नगरला एका खेपेत ते जाळून टाकलं. अण्णा बरोबर गेले होते. डेअरीच्या कामाला गेलो होतो, असं ते म्हणाले. बायकांत मात्र वेगळंच बोलणं सुरू झालं. शिवेवर जी सोडलीय तिला आता घर नाही. ती रिकामी जागा शोधत असेल. जिची आतून तपासणी झालेली नाही तिच्यात येऊन बसेल. सिस्टरला रस्त्यात अडवून बायका विचारू लागल्या, "डॉक्टरीणबाई परत कदी येनार? ब्याटरी घेऊन?" जी मागच्या वेळी लाजून चादरीपासून परत फिरली होती, ती तर सोनईपर्यंत चालत गेली. सिस्टरला हे सगळं दुरुस्त करायला हवं होतं. तिनं दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा तारीख सांगून मिटलं.

ज्येष्ठ महिन्यात गोजरबाई आणि दीपा परत आल्या. गाडीनं फाट्यावर सोडलं. गोजरबाईचं रक्त थांबलं होतं. डोक्यावरचे केस विरळ होते, कातडी कमरेपाशी काळवंडली होती, आणि दर काही महिन्यांनी दाखवायला जायचं होतं. बाकी बाई ताळ्यावर आली होती. फाट्यापासून शिवेपर्यंत तिनं कंडक्टर, पुण्याचं पाणी, दवाखान्यातली आमटी आणि आसाराम न्यायला का आला नाही, या सगळ्यांचा समाचार घेतला. दीपाला ते शिव्यांचं बोलणं इतकं गोड लागत होतं की तिनं एकाही वाक्याला हूं म्हटलं नाही, मध्येच थांबेल म्हणून.

शिवेचा दगड आला. उन्हानं खणाचा रंग उडाला होता. लिंबू वाळून काळं झालं होतं, तांदूळ मुंग्यांनी नेले होते. बांगड्या नव्हत्या. दगडाच्या आसपास गवताची एक काडी नव्हती, आणि पाटाकडून आलेल्या शेळ्यांच्या खुरांची वाट दगडापासून लांब वळसा घालून गेली होती.

गोजरबाई थांबली. तिनं पदर नाकाला लावला.

"काय मेलंय गं हितं? येवडा घान वास, आन् गावात कुनाला नाक न्हाई?"

दीपानं दगडावरची नजर न काढता हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "काय न्हाई, आत्याबाई. चला पुढं. मागं बगू नका."

"मी कशाला बगू मागं?" गोजरबाई चालता चालता म्हणाली. "तूच थांबलीयास मगापासनं."